नाकाची मोजपट्टी आणि रक्ताचा थेंब

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. संपादक मंडळाच्या विनंतीवरून एक-दोन ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



समितीच्या मंडळींनी आम्हांला विषय दिला तो असा, की तुम्ही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेमकं करता काय ते आमच्या लोकांना समजेल अशा भाषेत सांगा. इथे 'आम्ही' म्हणजे एकटा माणूस समजू नका. शिकवणारे, संशोधन करणारी मुलंमुली, आणि हाडांच्या पेट्या वर्षानुवर्षं सांभाळणारा प्रयोगशाळा सहायक, या सगळ्यांच्या वतीने आम्ही बोलत आहोत. वस्तीत लोक विचारतात, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही. मग कवट्या कशाला ठेवता? प्रश्न रास्त आहे.

आमच्या विषयाचं नाव जैविक मानवशास्त्र. जुन्या पुस्तकांत यालाच शारीरिक मानवशास्त्र म्हणत. माणसाचं शरीर कसं घडलं, ते वाढतं कसं, एका मुलखातली माणसं दुसऱ्या मुलखातल्यांपेक्षा वेगळी का दिसतात, मेल्यावर मागे राहिलेल्या हाडांवरून त्या माणसाबद्दल काय सांगता येतं, हे सगळं यात येतं. डॉक्टर आजारी माणूस तपासतो. आम्ही बहुतेक वेळा धडधाकट माणसं तपासतो, तीही शे-दोनशे, हजार अशी, आणि त्यांची आपसांत तुलना करतो.

आता हा विषय या विहारात बोलण्याला एक कारण आहे. याच शास्त्राच्या नावाखाली सव्वाशे वर्षांपूर्वी या देशातल्या माणसांची नाकं मोजली गेली, आणि त्या आकड्यांवरून कोण वरचा नि कोण खालचा हे ठरवायचा उद्योग झाला. ज्या पट्टीने आपल्याला खालचं ठरवलं ती पट्टी आज आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, आणि आपल्याच वस्तीतली मुलं ती हातात धरून शिकताहेत. तेव्हा तिचं पुढे काय झालं हे आपल्याला कळलं पाहिजे.

प्रयोगशाळा म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. एक लांब खोली. भिंतीला हाडांची कपाटं. टेबलावर पितळी-पोलादी साधनं. एक सरकता कॅलिपर, सोनाराच्या किंवा फिटरच्या हातात असतो तसाच. दुसरा वाकड्या पायांचा, डोक्याची लांबी-रुंदी घ्यायला. उंची मोजायचा दांडा. हाताचे ठसे घ्यायला शाई आणि काचेची पट्टी. रक्तगट बघायला पांढरी टाईल आणि तीन छोट्या बाटल्या.

पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला नाक मोजायला शिकवतात. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. याला नासिका निर्देशांक म्हणतात. आकडा सत्तरच्या आत आला की नाक अरुंद, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्याच्या वर रुंद. समजा एका मुलाच्या नाकाची रुंदी ३६ मिलिमीटर आणि उंची ५०. निर्देशांक आला ७२. आता तोच मुलगा बसवून दुसऱ्या विद्यार्थ्याने मोजलं, रुंदी ३७ आणि उंची ४८. निर्देशांक ७७! नाक तेच, मुलगा तोच, फरक पाचाचा. कॅलिपर जरा दाबून धरला, नाकाच्या मुळाशी बिंदू जरा वर-खाली पकडला, की आकडा हलतो. म्हणून आमच्याकडे पहिला धडा असतो की प्रत्येक माप दोनदा-तीनदा घ्यायचं आणि आपल्या हाताची चूक किती हे आधी काढायचं. हे समजल्याशिवाय कोणालाही गावात मापं घ्यायला पाठवत नाहीत.

हा धडा लक्षात ठेवा आणि आता एका साहेबाकडे या. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी. बंगालमधल्या जातीजमातींवरचे त्याचे ग्रंथ १८९१ मध्ये निघू लागले. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता, आणि १९०८ मध्ये त्याचा 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, जितकी खालची तितकं रुंद. म्हणजे जात ही वंशाची गोष्ट आहे, ती रक्तात आहे. नुसतं पुस्तकात लिहून तो थांबला नाही. १९०१ च्या जनगणनेत जातींची वरपासून खालपर्यंत उतरंड लावण्याचाही प्रयत्न झाला. कागदावर सरकारी शिक्का, वर शास्त्राचं नाव! आपल्या पणजोबांच्या काळात याला उत्तर द्यायला कोण उभं राहणार होतं?

उभे राहिले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये या समाजशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात तीच मापं पुन्हा मांडली. उत्तर हिंदुस्थानचा थोडा भाग सोडला तर नाकाचा आकडा आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही, असं त्यांनी दाखवलं. आणि मग १९४८ मध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे होते म्हणून अस्पृश्यता आली, या मताचा समाचार घेताना बाबासाहेबांनी भाषण ठोकलं नाही. त्यांनी हीच मोजमापं काढली. त्यांचा युक्तिवाद असा, की मानवमिती हे भरवशाचं शास्त्र असेल तर तिचेच आकडे सांगतात की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. समोरच्याची पट्टी घ्यायची, त्याच पट्टीने मोजायचं आणि हिशेब त्याच्याच पुढ्यात ठेवायचा. यातला 'असेल तर' हा शब्द आम्ही मुलांना मुद्दाम अधोरेखित करून शिकवतो. बाबासाहेब त्या शास्त्राला देव मानत नव्हते.

बाबासाहेबांची जी चरित्रं आपण घरोघरी वाचतो त्यांत ते अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित म्हणून येतात. पण जातीवरचा त्यांचा पहिला निबंध मानवशास्त्राच्या वर्गात वाचला गेला, हे फार कमी लोकांच्या ध्यानात असतं. ९ मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचं मानवशास्त्राचं चर्चासत्र. निबंध होता भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यावर. बाबासाहेबांचं वय तेव्हा पंचवीस. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी, आणि बोआस हे त्या विद्यापीठातले मानवशास्त्राचे मोठे अध्यापक. या बोआस यांनी त्याच्या थोडंच आधी अमेरिकेत येऊन राहिलेले परदेशी लोक आणि त्यांची मुलं अशा सुमारे अठरा हजार जणांची डोकी मोजली होती. त्या काळी समज असा की डोक्याचा आकार म्हणजे वंशाची न बदलणारी खूण. बोआस यांना दिसलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदललेला आहे. पुढे २००२ मध्ये काही संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासून शंका घेतली, दुसऱ्यांनी २००३ मध्ये बोआस यांची बाजू उचलून धरली. शास्त्रात असं चालतंच, आणि चाललं पाहिजे.

त्या १९१६ च्या निबंधात बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते आपल्याच जातीत लग्न करण्याच्या सक्तीवर. त्यांचं म्हणणं होतं की या देशातल्या लोकांची सरमिसळ आधीच झालेली होती, आणि लग्नाची कुंपणं नंतर घातली गेली. जात म्हणजे हेच कुंपण. आता जवळपास शंभर वर्षं पुढे या. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी भारतातल्या अनेक समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं निघालं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या लोकांमध्ये मोठी सरमिसळ झाली. वरचे म्हणवणारे, खालचे ठरवलेले, आदिवासी, जवळजवळ कोणीच त्यातून सुटलेलं नाही. मग ही सरमिसळ थांबली. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथल्या राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आणखी एक अभ्यास मांडला. अनेक समूहांत, विशेषतः वरच्या मानल्या गेलेल्या जातींत, ही मिसळण सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी एकदम बंद पडली असं त्यांना दिसलं. सत्तर पिढ्या म्हणजे साधारण गुप्त राजांचा काळ.

आता इथं टाळ्या वाजवायचा मोह होईल, पण जरा थांबा. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या आसपास धरला होता, आणि हा आकडा त्याच्या शेजारी येऊन बसतो हे खरं. पण लग्नबंदी आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकं लग्नाबद्दल काही सांगतील. कोणाला विहिरीवर चढू दिलं नाही हे ती सांगणार नाहीत. पोथीतली विमानं खरी ठरवणाऱ्यांची आपण टर उडवतो, तर आपल्याही बाजूला तसं होऊ नये. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की बाबासाहेबांनी ज्या जागी बोट ठेवलं होतं, त्याच जागी येऊन आजच्या प्रयोगशाळा काम करताहेत.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झालं आहे. इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. यांच्याच विचारांवर पुढे नाझींनी वंशाचे कायदे उभे केले. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असं काहीतरी सिद्ध व्हावं ही गुरुजींची इच्छा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकट्या बाईने, गुरूच्या मताविरुद्ध लिहायचं म्हणजे छातीच लागते! पुढे १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९६८ मध्ये त्यांनी आणि डॉ. कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींचा तौलनिक अभ्यास छापला. उंची, डोकं, नाक, रक्तगट सगळं मोजलं. निष्कर्ष असा की हे आठ गट एकाच झाडाच्या फांद्या दिसत नाहीत, त्यांच्यात आपसांतच भरपूर अंतर आहे. म्हणजे जातीचं एक नाव आहे म्हणून आतलं रक्त एक, हेही खरं नाही. एवढं असूनही गंमत बघा. माणसांना वंशांच्या खणांत बसवणारी १९३०-४० सालची वर्गीकरणं अजून परीक्षेत विचारली जातात. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात. आम्ही ती शिकवतो, पण इतिहास म्हणून.

आता हाडांच्या कपाटाकडे येऊ. ही हाडं कुणाची, हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी फारच थोडे विचारतात. भारतातून एके काळी जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे जात. हजारोंनी जात. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. ती प्रेतं कुणाची असणार? ज्यांना जाळायला लाकूड नव्हतं, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही त्यांची. आणि ती गोळा करायचं, हाडं स्वच्छ करायचं काम पुन्हा डोम समाजाच्याच माथी. बेवारस देह शिक्षणसंस्थांना देण्याचा आपल्याकडचा कायदा १९४९ चा आहे. म्हणजे शिकणाऱ्याच्या टेबलावर जी कवटी असते ती बहुधा आपल्यासारख्याच कुणा गरिबाची. आम्ही पहिल्या दिवशी मुलांना हे सांगतो. कवटीशी थट्टा नाही, हातात घेऊन फोटो नाही, हाड ठेवताना कापडावर ठेवायचं. तिचं नाव कुणालाच माहीत नाही, पण ते माणूस आहे.

आणि हाड बोलतं बरं का! कमरेच्या हाडाच्या खाचेवरून बाई की पुरुष ते बऱ्याच खात्रीने कळतं. हाडांची टोकं जुळली की नाही यावरून तरुणाचं वय कळतं. गळ्याजवळच्या हाडाचं आतलं टोक सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या पुढे जुळतं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज निघतो. लहानपणी उपासमार किंवा मोठा आजार झाला तर दातावर आडवी रेघ उमटते, आणि ती मरेपर्यंत जात नाही. रक्त कमी असलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या खोबणीत वरच्या बाजूला बारीक भोकं सापडतात. जन्मभर उकिडवं बसून काम करणाऱ्याच्या घोट्याच्या हाडावर खूण पडते. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्याच्या मानेचे मणके झिजतात. जात मात्र कुठेच लिहिलेली नसते. दोनशे सहा हाडं उलटीपालटी करून बघा, सापडणार नाही. कष्ट सापडतात, भूक सापडते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. साडेतीन ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं, आणि दोनशेहून जास्त दफनं. त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. आईबापांनी बाळाला घराबाहेर जाऊ दिलं नाही. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून पुरत आणि त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत. का, यावर पंडितांचे तर्क आहेत. या सांगाड्यांचा अभ्यास डॉ. जॉन लुकाच आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांनी केला, त्याचा ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. बाळांचे दात आणि हाडं मोजली की कळतं, दाताच्या हिशेबाने वय इतकं, मग त्या वयाला हाड किती लांब हवं होतं आणि किती भरलं.

हीच मोजणी आज जिवंत मुलांची होते. आपल्या अंगणवाडीत ताई मुलाचं वजन-उंची घेते, दंडाला रंगीत पट्टी लावते, ते आमच्याच शास्त्राचं लेकरू आहे. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, ताबडतोब दवाखान्यात. पूर्वी लोक म्हणत, आमच्यात मुलं बुटकीच असतात, आमची जातच तशी. आजही काही बाया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. अट एकच होती, आईचं दूध, पुरेसं अन्न, स्वच्छता आणि औषधपाणी मिळालेली मुलं घ्यायची. निघालं काय? पाच वर्षांपर्यंत या सहाही देशांतली मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. दिल्लीचं मूल ओस्लोच्या मुलाच्या बरोबरीने. त्यावरूनच २००६ मध्ये साऱ्या जगासाठी एक तक्ता निघाला. आणि आपल्याकडचं चित्र? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी भरली. तीन मुलांत एक. याला जात कारण नाही, ताट कारण आहे.

आता शेवटचा आणि आपल्या घरातला विषय, रक्त. सिकलसेल. आपल्या विदर्भात बहुतेकांनी हे नाव ऐकलं आहे, काहींच्या घरात तो आजार आहे. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो भारतात पहिल्यांदा नोंदला गेला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. आदिवासींत आहे, आपल्या समाजात आहे, कुणबी-तेली समाजातही सापडतो. रक्तातली तांबडी पेशी गोल असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, सांधे दुखतात, अंगात रक्त राहत नाही. पूर्वी याला करणी म्हणायचे, बाहेरची बाधा म्हणायचे, सुनेच्या माहेराला दोष द्यायचे.

खरं कारण ऐका. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन भाग मुलाला मिळतात. दोन्ही चांगले, तर रक्त नेहमीचं. एक चांगला आणि एक विळ्याचा, तर तो वाहक, ज्याला दवाखान्यात एएस म्हणतात. दोन्ही विळ्याचे, तर एसएस, म्हणजे आजार. वाहक माणूस निरोगी असतो. तो शेती करतो, पोलिसात जातो, बाळंतपणं नीट होतात. त्याला काही झालेलं नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. 'एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार' असा हिशेब कोणी करू नका. दर वेळी तेच चारात एक. एक वाहक आणि एक नेहमीचा असेल तर मूल आजारी होत नाही, वाहक होऊ शकतं.

मग हा दोष आपल्याकडेच का? इथंच आमचं शास्त्र कामाला येतं. डॉ. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं की वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. जिथं जंगल, पाणी, डास, तिथं हिवतापाने मुलं मरत; वाहक मुलं तुलनेने वाचत. वाचली ती मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस आणि सिसिलीच्या गोऱ्या माणसांत आहे. आपले पूर्वज हिवतापाच्या मुलखात राहिले आणि जगले, त्याची ही निशाणी आहे. पापपुण्याचा आणि जातीच्या उच्चनीचपणाचा तिथं काडीचा संबंध नाही.

तपासणी साधी आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं तर पुढची पक्की तपासणी, एएस की एसएस ते ठरवणारी. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. आजारी मुलासाठी हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात या आजाराचं नाव आहे, त्याचाही उपयोग करून घ्या. लग्न जमवताना आपण कुंडली बघत नाही. बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ती बघायचीही नाही. पण मुलगा-मुलगी दोघांचं सिकलसेल कार्ड बघा. आधी बघा, मंडप पडल्यावर नाही. आणि आमची हात जोडून विनंती आहे, मुलगी वाहक निघाली म्हणून तिची बदनामी करू नका. तेवढीच शक्यता मुलगा वाहक असण्याची असते, पण बोभाटा मुलीचाच होतो. कार्ड घरात राहू द्या, चौकात नको. आणि दोघेही वाहक असून लग्न करायचंच ठरलं, तर गरोदरपणी फार लवकर दवाखान्यात जाऊन सल्ला घ्या.

रक्त देताना एक गोष्ट विचारायची. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात हवासुपाई नावाचे आदिवासी आहेत. १९९० नंतर तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं. पुढे त्यांना कळलं की त्याच रक्तावर दुसरेही अभ्यास झाले. आपले पूर्वज कुठून आले, लोकांना मानसिक आजार आहे का, असे. कोणी विचारलं नव्हतं. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाला तडजोड करावी लागली, भरपाई द्यावी लागली आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं. तेव्हा आमच्यासारखा कोणी वस्तीत नमुने घ्यायला आला तर विचारा, कशासाठी? कुठे ठेवणार? निकाल आम्हांला देणार का? आमच्या भाषेतला कागद कुठे आहे? आमच्याच विभागातले लोक असले तरी विचारा. विचारलं म्हणून राग येणाऱ्या संशोधकाला रक्त देऊ नका.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी दोन शब्द. हा विषय शास्त्र शाखेच्याच मुलांनी घ्यावा असं नाही. अनेक विद्यापीठांत कला शाखेतूनही येता येतं, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा वेगळा विभाग आहे, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला हा विषय घेणारी मुलं भरपूर आहेत. थोडं गणित मात्र यायला हवं. त्याची भीती वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. १९२० मध्ये आपल्या नागपुरात विज्ञान परिषदेचं अधिवेशन भरलं होतं. तिथं प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण प्राध्यापकाची आणि अ‍ॅनन्डेल या प्राणिशास्त्रज्ञाची गाठ पडली. अ‍ॅनन्डेल यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं होती, त्यांचा अर्थ लावायला कोणी नव्हतं. महालनोबिस त्या कामाला लागले, आणि दोन समूहांतलं अंतर मोजायची जी रीत त्यांनी पुढे शोधली ती आज जगभरच्या संगणकांत वापरली जाते. त्याची सुरुवात आपल्या गावातली आणि माणसं मोजण्यातली आहे.

बोलणं इथंच थांबवतो. बाजूच्या टेबलावर दोन्ही कॅलिपर, उंचीचा दांडा आणि ठशांची शाई ठेवली आहे. मुलांनी रांगेत यावं, एकमेकांची नाकं मोजावी, तीन-तीनदा मोजावी आणि आकडे वहीत लिहावेत. ज्यांना सिकलसेलच्या तपासणीबद्दल एकांतात काही विचारायचं असेल त्यांनी मागच्या खोलीत यावं, तिथं आमच्या दोन विद्यार्थिनी बसल्या आहेत.

नमो बुद्धाय, जयभीम.